गणू तांडेलाची गॅसची गोळी

आमच्या नरपडच्या किनाऱ्यावर गणू तांडेलाला ओळखत नाही असं घर नाही. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर परत कधी वळायचं, सगळं तो म्हणेल तसं. गणू उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. त्याची बोट डहाणूच्या खाडीत लागायची आणि तिच्यावर तो कधीच पायात काही घालत नसे. फळीवर अनवाणी उभा राहायचा. मशीनचा आवाज तांडेल कानाने नाही, तळपायाने ऐकतो, असं त्याचे खलाशी म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मशीनमध्ये काही बिघडायच्या आधीच तो वाकून झाकण उघडत असे.

चाळिशी उलटल्यावर गणूच्या छातीत आग व्हायला लागली. बोटीवरचं जेवण म्हणजे भात आणि तिखटजाळ कालवण, तेही जाळं टाकून झाल्यावर. जेवण झालं की मिळेल त्या जागी अंगाची मुटकुळी करून पडायचं. तंबाखूची गोळी गालात सदाचीच. आडवा झाला की आंबट पाणी घशाशी यायचं आणि तो खोकत उठून बसायचा. शेवटी बायकोने, हंसाने, त्याला डहाणूत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, तंबाखू सोडा म्हणाले, जेवून लगेच आडवं होऊ नका म्हणाले, आणि एक कॅप्सूल लिहून दिली. "रोज सकाळी उपाशीपोटी एक. महिनाभर घ्या, मग येऊन दाखवा."

कॅप्सूलने जादू केली. चार-पाच दिवसांत आग विझली. गणू मिरचीचं लोणचं बोटाने चाटून हंसाला म्हणाला, "बघ, काही होत नाही."

महिना संपला तेव्हा बोट समुद्रात होती. परत आल्यावर दाखवायला जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण दुखत काहीच नव्हतं. एकदोन दिवस गोळी चुकली तर मात्र आग दुप्पट होऊन यायची. म्हणून हंसा मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवायची आणि नवं घेऊन यायची. मेडिकलवाला विचारायचा नाही, हंसा सांगायची नाही. घरात त्या कॅप्सूलचं नाव पडलं गॅसची गोळी. मिठाच्या डब्याशेजारी तिचा डबा असायचा. मुलीचं, रुपलचं, बारावीचं वर्ष गेलं, तिचं लग्न झालं, ती उंबरगावला सासरी गेली, तिला मुलगी झाली. गणू रोज सकाळी चहाच्या आधी गोळी घेत राहिला.

बदल कधी सुरू झाला हे पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही. हंसाच्या लक्षात आलं ते असं, की सकाळी गणूचं पोट सपाट असायचं आणि संध्याकाळी फुगलेलं. दुपारचं जेवण झालं की ते वर चढायला लागायचं. दिवे लागायच्या वेळेला त्याला लुंगीची गाठ सैल करावी लागायची. हात लावला तर कातडी ताठ, आणि आतून गुडगुड आवाज, भरती येताना खाजणात पाणी शिरतं तसा. रात्रभरात ते सगळं ओसरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"काय खाता तरी काय बोटीवर?" हंसाने विचारलं.

"जे सगळे खातात ते."

"मग त्यांची पोटं नाही फुगत?"

"गॅस आहे," गणू म्हणाला. आणि गॅस आहे म्हणून त्याने गॅसची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक अशी सुरू केली.

त्याने आग आणखी शांत झाली, पोट मात्र ऐकेना. मग जुलाब सुरू झाले. रोज नाही, चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी जेवण पोटात टिकत नसे. बोटीवर आडोसा कसला? माणूस मागच्या कडेला जाऊन बसतो आणि बाकीचे दुसरीकडे बघतात. सुरुवातीला खलाशी थट्टा करायचे. गणू सोडायचा त्या वाऱ्याला असा काही कुजका वास यायचा की एकजण नाकाला फडकं बांधून बसला आणि सगळे हसले. गणूही हसला. पुढे हसणं बंद झालं. तांडेलाच्या गालांची हाडं वर आली होती. खांद्यावरून बनियन ओघळायचं. हंसाने त्याचे शर्ट शिवणारीकडे नेऊन आत घ्यायला सांगितले, तेव्हा त्या बाईने मापं ऐकली, पुन्हा विचारली, आणि हंसाकडे बघत राहिली.

गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, नजर लागली. कोणी म्हणालं, कुणीतरी खायला घातलंय. पाण्यावर भांडी घासताना एक म्हातारी हंसाच्या देखतच म्हणाली, "त्याच्या पोटात काहीतरी आहे गं. ते खातंय त्याचं अन्न."

हंसा घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. म्हातारीचं बोलणं तिला झोंबलं ते वेगळ्याच कारणाने. गणूचा बाप पोटाच्या आजाराने गेला होता. शेवटी शेवटी त्याच्या अंगावर कातडी तेवढी उरली होती आणि पोट तट्ट फुगलेलं. मुंबईच्या दवाखान्याने घरी न्या म्हटलं, तेव्हा गाडीतून उचलून त्याला आत आणला तो गणूने. सुक्या बोंबलाच्या पाटीएवढंसुद्धा वजन नव्हतं, असं तो नंतर एकदा म्हणाला होता. त्यानंतर त्याने बापाचा विषय कधी काढला नाही. आता तो आरशासमोर उभा राहून दाढी करायचा तेव्हा हंसा बघायची. त्याचा हात मध्येच थांबायचा. तो आरशात कोणाला बघतोय हे तिला विचारायची गरज नव्हती.

"डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली.

"कशाला? सांगतील ते मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

गणूने वस्तरा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "सीझन संपू दे," म्हणाला.

चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. हंसा दरवर्षी जायची, यंदा तिने गणूला सोबत घेतला. रुपलही आपल्या लेकीला घेऊन आली होती. दुपारची वेळ होती, रांग मोठी, गर्दीत भोपळे आणि नारळांचे ढीग. रांगेत गणू ताठ उभा होता. गाभाऱ्यासमोर आल्यावर त्याने हात जोडले, डोळे मिटले, आणि तो पडला.

अडखळला नाही, चक्कर आली म्हणाला नाही, घामही नव्हता. कोणीतरी एका बाजूचा दोर सोडल्यावर डोलकाठी कलते तसा कलला आणि खाली आला. पुजारी पुढे धावला. मागच्या बायका ओरडल्या. एकीने देवीचं नाव घेऊन तोंडावर हात ठेवला. "देवीने बघितलं नाही त्याच्याकडे," कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य रांगेतून मागे मागे सरकत गेलं.

बाहेर आल्यावर रुपलने त्याला सरबत दिलं. "पप्पा, काय झालं?"

"काही नाही. डोळे मिटले आणि जमीन गेली."

"गेली म्हणजे?"

"खाली होती ती कळेना," गणू म्हणाला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो बसमध्ये बसेपर्यंत पायांकडे बघत चालला.

खरं तर त्याला आधीपासून कळत होतं. वाळूवरून चालताना कापसावर चालल्यासारखं वाटायचं. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि तो तसाच पुढे जायचा. रस्त्यातली पोरं हाक मारून सांगायची. तोंड धुताना डोळ्यांवर साबण आला की भिंत धरावी लागायची. बोटीवर मशीनचं झाकण तो आता आवाज ऐकून उघडत होता, बाकीच्यांसारखा. यातलं त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. माणसाने बोटीवर ज्याच्या भरवशावर जायचं त्याला पायाखालची फळी कळत नाही, हे सांगायचं कसं? आणि सांगितलं की तपासणी आली. तपासणी आली की बापासारखी ती गाडी.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत रुपलने दोनदा फोन करून दवाखान्याचं विचारलं. दोन्ही वेळा गणूने जाळ्याचं काम काढलं. नारळी पौर्णिमा झाली, बोटीला नारळ फुटला आणि गणू पुन्हा समुद्रात गेला.

त्याच्यासोबत लाहू होता. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरचा वारली माणूस, गणूच्याच वयाचा. कितीतरी वर्षं तो सीझनला खाली येऊन गणूच्या बोटीवर काम करायचा आणि सीझन संपला की घरच्या भातशेतीला परत जायचा. दोघांचं बोलणं थोडं, पण एकमेकांवाचून अडायचं. लाहू कोयता कमरेवरून कधी उतरवत नसे. बोटीवर त्याचं काय काम, म्हणून इतर खलाशी हसायचे.

त्या दिवशी उन्हं कलत होती. डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी मागे काडीएवढी दिसत होती. मशीन चालू ठेवून जाळं सोडणं सुरू होतं. बोट पुढे जाते आणि जाळं मागच्या कडेवरून पाण्यात सरसर उतरत जातं, त्याच्यामागून दोर उतरतो. त्या वेळी कोणी दोराजवळ उभं राहत नाही. गणू मागच्या कडेला उभा राहून जाळं गुंततंय का ते बघत होता. दोराचं एक वेटोळं फळीवरून घसरत आलं आणि त्याच्या उजव्या पायाभोवती बसलं.

लाहूला ते दिसलं. तांडेल पाय उचलेल, असं त्याला वाटलं. कोणीही उचललाच असता. गणू उचलेना. तो समुद्राकडे बघत होता. दोर ताणला, वेटोळं आवळलं, पाय फळीवरून कडेकडे सरकायला लागला, आणि गणूच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"तांडेल! पाय!"

गणूने वळून लाहूकडे बघितलं. आपल्याला हाक का मारली हे त्याला कळलं नव्हतं. लाहूने कोयता काढला आणि कडेवर दोन घाव घातले. दोर तुटला, फटकन उसळला आणि पाण्यात गेला. त्याच्यामागे जाळंही गेलं.

"दोर का कापलास?" गणू गरजला. "वेडा झालास? जाळं गेलं सगळं!"

लाहूच्या हातात कोयता तसाच होता. "पाय बघ तुझा," तो म्हणाला.

गणूने खाली बघितलं. घोट्यावरची कातडी मोजा उतरवावा तशी खाली आली होती. फळी लाल झाली होती आणि त्या लालीत तो अंगठा टेकून उभा होता. सगळे खलाशी त्याच्याकडे बघत होते, तो ओरडेल म्हणून. गणू ओरडला नाही. त्याने वाकून बोटाने जखमेला हात लावला, दुसऱ्या कोणाच्या पायाला लावावा तसा. मग तो हळूच खाली बसला आणि म्हणाला, "लाहू, मला कळलं नाही रे."

बोट वळली. येताना सुकाणू लाहूने धरलं. गणू पाय कपड्यात गुंडाळून बसला होता आणि डोळे मिटत नव्हता.

डहाणूत टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सुई टोचताना त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साखर आहे का?" साखर तपासली, नव्हती. दारू? नाही. हंसाने पोटाचं आणि जुलाबांचंही सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, हा पाय नुसता शिवून भागणार नाही, वलसाडला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. हंसाने ह्या वेळी विचारलंच नाही. रुपलला बोलावून घेतलं आणि दोघींनी मिळून त्याला गाडीत बसवलं.

वलसाडच्या डॉक्टर पोटाच्या आजारातल्या जाणकार होत्या. वयाने रुपलहून थोड्या मोठ्या, गुजरातीमिश्रित मराठी बोलायच्या. त्यांनी गणूला डोळे मिटून उभं केलं आणि पडायच्या आधी धरलं. वजन बघितलं. रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. "ह्याने पायाच्या नसा बधिर होतात," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मासे खाता, रोज खाता. मासे खाणाऱ्या माणसाचं एवढं कमी कसं? खाल्लेलं जातंय कुठे?"

हंसाला पाण्यावरच्या म्हातारीचं बोलणं आठवलं.

"रोजचं काही औषध चालू आहे?"

"नाही," गणू म्हणाला.

"नाही," हंसाही म्हणाली. दोघंही खोटं बोलत नव्हते.

दुर्बिणीची तपासणी ठरली. गणूला भरती करून घेतलं. घशातून नळी घालतात ती तपासणी. बापाचीही झाली होती. त्या दिवशी गणू अगदी शांत होता. त्याने रुपलला जवळ बोलावलं आणि आईला उंबरगावला घेऊन जा, इथे एकटी ठेवू नको, असं सांगितलं. रुपल रडायला लागली तेव्हा तो भिंतीकडे वळला.

नळी आत गेली, बाहेर आली. जठर स्वच्छ होतं. गाठ नाही, जखम नाही, काही नाही. घेतलेला तुकडाही पुढे तपासून चांगला आला. रुपलने देवाचं नाव घेतलं. गणूला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते नव्हतंच. मग हे जे आपल्याला आतून पोखरतंय ते काय? नाव असलेल्या भीतीपेक्षा ही बिननावाची भीती त्याला मोठी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा गणू हंसाला म्हणत होता, "डबी दे. चहा यायच्या आधी घेऊ दे."

हंसाने पिशवीतून डबी काढली. बाईंनी हात पुढे केला. "काय आहे हे?"

"ते काही नाही. गॅसची गोळी."

बाईंनी डबीतलं पाकीट उलटं केलं, वाचलं. "कधीपासून घेता?"

गणूने हंसाकडे बघितलं. हंसाने रुपलकडे बघितलं. "हिची दहावी व्हायची होती," हंसा म्हणाली. "तेव्हापासून. आता दोनदा घेतात."

"पहिल्याच दिवशी मी औषधाचं विचारलं होतं तुम्हाला."

"हे औषध थोडंच आहे?" गणू म्हणाला. "गॅसचं आहे."

बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते रुपलने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. जठरात आम्ल असतं, ते फक्त जाळायला नसतं. अन्नाबरोबर, पाण्याबरोबर जे जंतू आत जातात त्यांना ते तिथेच मारतं. ही कॅप्सूल आम्ल कमी करते. छातीतली आग विझते ती म्हणूनच, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला ती वाचवतेही. पण वर्षानुवर्षं आम्लच नसेल तर जंतू जिवंत पुढे जातात. लहान आतड्यात ते एरवी थोडेच असतात. तिथे त्यांनी वस्ती केली, वाढले, की तुम्ही जेवता आणि आधी ते जेवतात. त्याचाच वायू होतो. संध्याकाळी पोट फुगतं ते त्यांचं. बी-ट्वेल्व्हही तेच खातात, आणि आम्ल नसल्यामुळे माशातून ते नीट सुटतही नाही. दोन्हीकडून मार.

"म्हणजे पोट फुगलं की मी जी दुसरी गोळी घ्यायचो..." गणू म्हणाला.

बाईंनी पाकीट खाली ठेवलं. "सगळं त्या गोळीनेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला असं होत नाही. पण तिने दार उघडं ठेवलं. महिन्याने परत दाखवायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

खात्री करायला श्वासाची तपासणी झाली. उपाशीपोटी गोड पाणी प्यायला दिलं आणि थोड्या थोड्या वेळाने एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. आतले जंतू साखर खाऊन जो वायू सोडतात तो श्वासातून येतो, यंत्र तो मोजतं. गणू फुंकत होता आणि आकडा चढत होता. हंसा खिडकीपाशी उभी होती. आकड्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण तो चढताना बघून तिच्या अंगावर काटा आला. इतके दिवस जे संध्याकाळी तिच्या हाताखाली गुडगुडायचं, ते आता यंत्राच्या काचेवर दिसत होतं.

जंतूंवर औषध सुरू झालं. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली. कॅप्सूल एकदम बंद करायची नाही, आधी दोनाची एक, मग एकाआड एक, असं करत सोडायची, असं बाईंनी बजावलं. एकदम सोडली तर आग उलटून येते. हळूहळू सोडूनही ती आलीच. ते दिवस वाईट गेले. गणू भिंतीला टेकून बसून झोपायचा. तंबाखू सोडल्याने त्याचा हात सतत खिशाकडे जायचा. एकदा भर दुपारी त्याने स्वतःचा घसा धरून हंसाला विनवलं, "एक दे. एकच." हंसाने डबी रुपलकडे पाठवून दिली होती. तिने त्याला थंड दूध दिलं आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली, त्याचं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून.

मग आग ओसरली. पोट संध्याकाळीही सपाट राहायला लागलं. अंगावर मांस चढलं. गावाने मान डोलावली. ज्यांनी नजर म्हटलं होतं ते म्हणाले नजर उतरली.

पाय मात्र परत आले नाहीत. घोट्यापर्यंत थोडं कळायला लागलं, खाली नाही. "फार उशीर झाला," बाई म्हणाल्या. "नस एकदा गेली की सगळी परत येतेच असं नाही. वाट बघू." गणूने वाट बघितली. मग एक दिवस त्याने लाहूला बोलावून बोटीची चावी त्याच्यापुढे धरली.

"मला नको," लाहू म्हणाला. "मी कुठे तांडेल आहे?"

"मी तरी कुठे आहे आता?" गणू म्हणाला.

लाहूने ती घेतली नाही. पुढे बोट गणूच्या चुलतभावाने चालवायला घेतली आणि लाहू त्याच्याबरोबर गेला. बोट खाडीतून बाहेर पडायची त्या दिवशी गणू धक्क्यावर गेला नाही. हंसाबरोबर तलासरीच्या बाजाराला गेला. आता तो तिथेच बसतो, तिच्या शेजारी, सुक्या बोंबलाच्या आणि करंदीच्या पाट्यांमागे. पाड्यांवरून आलेल्या बायका त्याच्याशी भाव करतात. बऱ्याच जणी त्याला तांडेल म्हणून ओळखतही नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी घरी परतल्यावर त्याने लुंगीची गाठ सैल केली. हंसा भाकरी थापत होती. तिने बघितलं, हात धुतले आणि त्याच्या पोटावर हात ठेवला. ताठ होतं. आतून गुडगुडत होतं.

"गोळी घेतली का कुठे?" तिने विचारलं.

"शपथ. नाही."

दोघं दुसऱ्याच दिवशी वलसाडला गेले. बाईंनी पुन्हा यंत्रात फुंकायला लावलं. हे परत येऊ शकतं, त्या म्हणाल्या. एकदा वस्ती केलेली जागा त्यांना ठाऊक असते, आणि तुमचं आतडंही इतक्या वर्षांत सुस्त झालंय. पुन्हा औषध दिलं.

"ह्या खेपेला जाईल?" गणूने विचारलं.

"जाईल. पुन्हा येणार नाही असं नाही सांगत."

गणूने मान हलवली. समुद्रावर उभं आयुष्य काढलेला माणूस. हवेचा अंदाज असा सांगितला की त्याला पटतो.

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात गणू पाय पसरून बसला होता आणि हंसा त्याचे तळवे उलटे करून बघत होती. हे रोजचं आहे. काच, खिळा, शिंपला, काहीही लागलं तरी त्याला कळत नाही, आणि जखम चिघळली तर पाय जाईल असं बाईंनी बजावलंय. आम्ही पावसापाण्याचं, रुपलच्या लेकीच्या शाळेचं बोलत होतो. बोलता बोलता हंसाचा हात थांबला. तिने तळवा उजेडाकडे वळवला, टाचेजवळ नखाने चाचपलं आणि बोटभर लांबीचा माशाचा काटा सावकाश बाहेर ओढला. त्याच्यामागून काळसर रक्त आलं.

गणू माझ्याशी बोलतच होता. माझी नजर खाली गेली तसा तो थांबला. त्याने आधी हंसाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे.

"मोठा आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," हंसा म्हणाली, आणि काटा पदराआड घेतला.